ख्रिस्तजन्माची कथा : मिथक आणि मानवी अर्थ

२५ डिसेंबर या दिवसाशी आमचे नाते नाताळमुळे जडलेले नाही. १९२७ साली याच दिवशी महाड येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले, आणि त्या घटनेच्या स्मरणाने आंबेडकरी समाज हा दिवस पाळतो. परंतु त्याच दिवशी आमच्या शेजारच्या घरांवर कागदी तारे लागलेले असतात. पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर काही कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांच्याच भावकीतील इतरांनी १९५६ नंतर बौद्ध धम्माचा मार्ग धरला. तेव्हा ही कथा आम्हांला सर्वस्वी परकी म्हणता येत नाही. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला असून त्याच्या मुळाशी 'जन्म' हाच अर्थ आहे. एका बालकाच्या जन्माची ही कथा आहे. बौद्धाने तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे की, कुमारीच्या पोटी जन्म, आकाशातील देवदूत आणि वाट दाखविणारा तारा या सर्व अशक्य गोष्टी आहेत. म्हणून ही कथा टाकाऊ होय. दुसरे असे की, सर्व धर्म सारखेच. म्हणून शंका न काढता हात जोडावेत. आम्हांला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. मनुस्मृती जाळली गेली ती तिच्यात असंभाव्य गोष्टी आहेत म्हणून नव्हे. ती एक आज्ञा होती, आणि त्या आज्ञेने माणसाला जन्मावरून हीन ठरविले होते, म्हणून ती जाळली गेली. याचा अर्थ, धर्मग्रंथातील एखाद्या कथेची परीक्षा केवळ संभाव्यतेच्या कसोटीवर पूर्ण होत नाही. ती कथा कोणाच्या दुःखातून निघाली आणि कोणाच्या बाजूने उभी राहिली, हेही विचारावे लागते.

दोन कथा, एक सण

सणाच्या दिवशी सांगितली जाणारी कथा एकसंध भासते. गोठा, गव्हाणी, मेंढपाळ, तारा व तीन राजे असे सर्व एकाच चित्रात दिसतात. मूळ ग्रंथात मात्र असे चित्र कोठेच नाही. नव्या करारातील चार शुभवर्तमानांपैकी मत्तय व लूक या दोहोंतच जन्मकथा आहे. सर्वांत जुने मानले जाणारे मार्कचे शुभवर्तमान इ. स. ७० च्या सुमाराचे. त्याला येशूच्या जन्माविषयी काहीच सांगावयाचे नाही. त्याचा येशू थेट प्रौढ वयात बाप्तिस्मा घेण्यासाठी येतो. त्याहूनही आधीची पौलाची पत्रे आहेत. येशू स्त्रीपासून जन्मला एवढेच पौल सांगतो. त्या जन्मात काही चमत्कार होता असे तो म्हणत नाही. योहानातही जन्मकथा नाही. उलट, मशीहा बेथलेहेमचा असावयास हवा, हा तर गालीलचा, असा लोकांचा आक्षेप तेथे नोंदविला आहे व त्याला उत्तर दिलेले नाही.

उरलेल्या दोन कथा एकमेकींशी जुळत नाहीत. मत्तयाच्या कथेत देवदूत स्वप्नात येतो तो योसेफाच्या. पूर्वेकडील मागी लोक तारा पाहून येतात, हेरोद राजा घाबरतो, बेथलेहेमातील दोन वर्षांच्या आतील मुलगे मारले जातात आणि हे कुटुंब मिसर देशात पळून जाते. लूकच्या कथेत देवदूत मरीयेशी बोलतो. तेथे मागी नाहीत, हत्याकांड नाही, मिसरची वाट नाही. तेथे कैसर औगुस्ताने फर्माविलेली नावनिशी आहे, उतारशाळेत न मिळालेली जागा आहे, गव्हाणीत ठेवलेले बालक आहे आणि रात्री कळप राखणारे मेंढपाळ आहेत. मागी तीन होते असे मत्तय म्हणत नाही, ते राजे होते असेही म्हणत नाही. गव्हाणीजवळचे बैल व गाढव तर दोन्ही कथांत नाहीत. ते यशयाच्या ग्रंथारंभातील एका वचनावरून पुढे या चित्रात आले.

सणाची तारीखही ग्रंथातील नव्हे. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख इ. स. ३५४ मध्ये संकलित झालेल्या एका रोमन पंचांगात सापडतो. पूर्वेकडील अनेक मंडळ्या त्या काळी ६ जानेवारी हा दिवस पाळीत, आणि आर्मेनियन मंडळी आजही तोच पाळते.

इतिहासाची कसोटी

या कथांना इतिहास म्हणावे काय? दोन्ही कथा येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळात ठेवतात. हेरोद इ. स. पू. ४ मध्ये मरण पावला. लूक ज्या नावनिशीचा उल्लेख करतो ती सूरियाचा सुभेदार क्विरीनिय याच्या वेळची. यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या वृत्तांतानुसार ती इ. स. ६ मध्ये झाली. म्हणजे दोहोंत सुमारे दहा वर्षांचे अंतर पडते. शिवाय ती नावनिशी यहूदीया प्रांतापुरती होती. नासरेथ ज्या गालीलमध्ये आहे तेथे तेव्हा हेरोदाचा पुत्र अंतिपास राज्य करीत होता. कर बसविण्यासाठी माणसाची नोंद त्याच्या राहत्या ठिकाणी व मालमत्तेवर होते. हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या गावी त्याला पाठविण्यात कोणत्याही सरकारचा काही लाभ नाही.

बेथलेहेमातील हत्याकांडाचेही तसेच आहे. हेरोदाच्या क्रौर्याची नोंद जोसेफसने सविस्तर केली आहे; त्याने स्वतःच्या तीन पुत्रांना ठार करविल्याचे तो सांगतो. परंतु बेथलेहेममधील बालहत्येविषयी तो एक अक्षर लिहीत नाही. दोन्ही वंशावळींत तर योसेफाच्या बापाच्या नावावरही एकमत नाही. मत्तय त्याला याकोब म्हणतो, लूक एली म्हणतो.

कुमारीजन्माच्या आधारासाठी मत्तय यशयाच्या ग्रंथातील एक वचन देतो. यशयाने ते इ. स. पू. आठव्या शतकात आहाज राजाला युद्धाच्या संकटात उद्देशून म्हटले होते, आणि मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'तरुण स्त्री' असा आहे. ग्रीक भाषांतरात त्या जागी 'कुमारी' या अर्थाचा शब्द आला व मत्तयाने तोच स्वीकारला. ही चिकित्सा धर्मविरोधकांनीच केली असे नव्हे. रेमंड ब्राउन या कॅथलिक धर्मगुरूने १९७७ साली या दोन जन्मकथांवर एक बृहद् ग्रंथ लिहिला, आणि कथांतील या ऐतिहासिक अडचणी त्याने मोकळेपणाने मांडल्या.

मिथक म्हणजे लबाडी नव्हे

एकदा इतिहास नव्हे असे ठरले की पुढे काय? युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न तीव्रतेने उभा राहिला. एक पक्ष म्हणे, सर्व अक्षरशः सत्य आहे. दुसरा पक्ष बुद्धिवाद्यांचा. हाइन्रिख पाउलुससारखे विद्वान प्रत्येक चमत्कारामागे एखादी नैसर्गिक घटना शोधून काढीत. १८३५ साली डेव्हिड फ्रीडरिख स्ट्राउस या सत्तावीस वर्षांच्या जर्मन अध्यापकाने येशूच्या चरित्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला व दोन्ही पक्ष नाकारले. त्याचे म्हणणे असे की, या कथा घडलेल्या घटनांचे वर्णन नव्हेत आणि कोणी जाणूनबुजून रचलेली फसवणूकही नव्हे. ती मिथके आहेत. एका समाजाने आपल्या जुन्या आशा व जुने शास्त्र यांच्या भाषेत एका माणसाविषयीची आपली भावना व्यक्त केली, आणि तिला कथेचे रूप आले.

या मताची किंमत स्ट्राउसला द्यावी लागली. ट्युबिंगेन येथील त्याची अध्यापकाची जागा गेली. १८३९ मध्ये झ्युरिक येथे त्याची प्राध्यापकपदी नेमणूक झाली, तेव्हा एवढा प्रक्षोभ उसळला की रुजू होण्यापूर्वीच त्याला निवृत्तिवेतन देऊन दूर ठेवण्यात आले; आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या उठावात तेथील सरकारही कोसळले. एका ग्रंथातील कथेला मिथक म्हणण्याचा परिणाम एका राज्यसत्तेपर्यंत पोहोचतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे १९४१ साली रुडॉल्फ बुल्टमान यांनी हाच विचार एक पाऊल पुढे नेला. मिथक काढून टाकू नये, त्याचा अर्थ लावावा. ते विश्वाविषयी नव्हे तर माणसाच्या स्वतःविषयीच्या समजुतीबद्दल काही सांगत असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्राला ही दृष्टी युरोपातून आणावी लागली असे मात्र नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन व परशुराम या अवतारकथांची झाडाझडती घेतली. डुकराने पृथ्वी दातावर उचलली हे खोटे, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. या कथांच्या आड कोणाचा पराभव दडविला आहे, हे त्यांनी विचारले. त्याच ग्रंथात ज्याला ते दुसरा बळीराजा म्हणतात तो येशू होय, असे अभ्यासक मानतात. जोतीरावांचे प्रत्येक ऐतिहासिक अनुमान आज टिकेलच असे नाही. परंतु त्यांचा प्रश्न टिकून आहे. तोच प्रश्न आता ख्रिस्तजन्माच्या कथेला लावून पाहू.

कैसराचा जन्मदिवस

आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागात प्रिएने नावाच्या प्राचीन नगरात एक शिलालेख मिळाला आहे. तो इ. स. पू. ९ चा आहे. औगुस्ताचा जन्मदिवस २३ सप्टेंबर हा यापुढे वर्षारंभ मानावा, असा ठराव त्या प्रांताने केला. त्या लेखात औगुस्ताला तारणारा म्हटले आहे, त्याने युद्ध थांबविले असे गौरविले आहे, आणि त्याचा जन्म हा जगासाठी शुभवार्तांचा आरंभ असल्याचे नमूद केले आहे. येथे जो ग्रीक शब्द आहे, त्याच शब्दाने पुढे ख्रिस्ती लोकांनी आपल्या 'शुभवर्तमाना'चा निर्देश केला. औगुस्ताचा दत्तक पिता जूलिअस कैसर याला मरणोत्तर देव ठरविल्यामुळे औगुस्त स्वतःस देवाचा पुत्र म्हणवीत असे, आणि त्याच्या नाण्यांवर ही पदवी कोरलेली आहे.

त्याचीही एक जन्मकथा होती. सुएटोनियस हा रोमन चरित्रकार सांगतो की, त्याच्या मातेला अपोलो देवापासून गर्भ राहिला असे म्हटले जाई. रोमचा राजा जन्मास येणार असे भाकीत झाल्यामुळे त्या वर्षी जन्मणारा एकही मुलगा वाढवू नये असा ठराव सिनेटने केला, अशीही एक आख्यायिका तो देतो. ज्यांच्या बायका गर्भवती होत्या त्यांनी तो ठराव दप्तरी दाखल होऊ दिला नाही! अद्भुत जन्म आणि भयभीत सत्ता या गोष्टी त्या काळच्या कथांचे ठरीव साहित्य होते.

हे साहित्य मत्तय व लूक यांनी कोणासाठी वापरले, हे आता पाहावे. लूक आपल्या कथेत औगुस्ताचे नाव मुद्दाम घेतो. त्याच्याच हुकमाने एक गर्भवती स्त्री प्रवासाला निघते. आणि तारणारा, शुभवार्ता, शांती हे कैसराच्या गौरवाचे तीनही शब्द लूकचे देवदूत गव्हाणीत निजलेल्या एका बालकासाठी वापरतात. ही वार्ता प्रथम ऐकविली जाते ती सिनेटच्या सभासदांना नव्हे. रात्रपाळीवर जागणाऱ्या मेंढपाळांना. कैसराची पदवी काढून गोठ्यातील मुलाला दिली, एवढे एकच कृत्य ही कथा करते.

हे कृत्य कोणत्या भूमीत झाले तेही पाहिले पाहिजे. हेरोदाच्या मृत्यूनंतर त्या देशात उठाव झाले. ते मोडण्यासाठी सूरियाचा सुभेदार वारुस सैन्य घेऊन आला. नासरेथपासून सुमारे ६ किलोमीटरवर असलेले सेफोरिस नगर जाळण्यात आले व तेथील रहिवाशांना गुलाम म्हणून विकले गेले. आणि सुमारे २००० लोकांना क्रुसावर चढविण्यात आले, असे जोसेफस लिहितो. इ. स. ६ च्या नावनिशीच्या वेळी यहूदा नावाच्या गालीली माणसाने, ही नोंद म्हणजे उघड गुलामी आहे, असे म्हणून बंड पुकारले. नावनिशी हा शब्द त्या लोकांच्या कानाला कसा लागत असेल, याची कल्पना यावरून करता येते. तारीख चुकली असेल; पण आठवण चुकलेली नव्हती.

वंशावळ, राहेल आणि मरीया

मत्तयाचे शुभवर्तमान एका लांबलचक वंशावळीने सुरू होते. अब्राहामापासून दावीद राजापर्यंत, दाविदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत आणि तेथून ख्रिस्तापर्यंत अशा चौदा चौदा पिढ्या तो मोजतो. जन्मावरून श्रेष्ठत्व सांगणाऱ्या समाजात वंशावळीचा उपयोग काय असतो, हे आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. परंतु या पुरुषांच्या यादीत मत्तय मरीयेपूर्वी चार स्त्रिया घालतो. सासऱ्याकडून न्याय न मिळालेली तामार, यरीहोतील वेश्या राहाब, परदेशी विधवा रूथ, आणि राजाने जिच्या पतीला मारविले ती उरीयाची बायको. आणि शेवटी ती वंशावळ योसेफापाशी येऊन थांबते, जो या कथेनुसार मुलाचा जन्मदाता नाहीच! राजवंशाची दोरी शेवटच्या गाठीपाशी कथाकार स्वतःच सोडून देतो. रक्ताचा अभिमान मिरविण्यासाठी लिहिलेली वंशावळ अशी नसते.

बालहत्येच्या प्रसंगी मत्तय यिर्मया संदेष्ट्याचे वचन आठवतो. रामा येथे राहेल आपल्या मुलांसाठी रडत आहे आणि कोणाचेही सांत्वन ती घेत नाही, असा त्याचा आशय आहे. ते वचन मुळात बंदिवासात नेल्या गेलेल्या लोकांविषयीचे होते. रामा ही कैद्यांना जमविण्याची जागा होती. येथे एक बारीक गोष्ट अभ्यासकांनी हेरली आहे. जन्मकथेत इतरत्र मत्तय, अमुक वचन पूर्ण व्हावे 'म्हणून' हे घडले, असे लिहितो. या ठिकाणी तो 'म्हणून' टाळतो. 'तेव्हा' ते पूर्ण झाले, एवढेच म्हणतो. मुलांचा वध ही देवाची योजना होती असे लिहिण्यास त्याची लेखणी धजली नाही. आम्हांला या एका शब्दाच्या संकोचात संपूर्ण कथेतील सर्वांत मानवी क्षण दिसतो.

तथापि बौद्ध वाचकाने येथे थांबून एक प्रश्न विचारलाच पाहिजे. योसेफाला स्वप्नात सूचना मिळाली आणि एक मूल वाचले. बाकीच्या आयांना स्वप्न का पडले नाही? या प्रश्नाला मिथकाकडे उत्तर नाही. कथेला इतिहास मानणाऱ्याला येथे देवाचा बचाव करावा लागतो. मिथक म्हणून वाचणाऱ्याला तो करावा लागत नाही. तो राहेलीच्या बाजूस बसू शकतो. किसा गोतमीच्या कथेत मेलेल्या मुलाला उठविणारा चमत्कार घडत नाही. दुःख घरोघरी आहे हे ती स्वतः दारोदार फिरून जाणते. राहेल खोटे सांत्वन घेत नाही, किसा गोतमी खोट्या आशेतून बाहेर येते. दोघींचे रडणे मात्र खरे आहे.

लूकच्या कथेतील मरीयेचे गीत असेच लक्षणीय आहे. सत्ताधीश आसनावरून खाली ओढले जातील, नम्र वर चढविले जातील, भुकेलेले तृप्त होतील आणि धनवान रिकाम्या हाती परत जातील, असा त्याचा सारांश आहे. या गीताचा साचा हन्नेच्या जुन्या गीतावरून घेतलेला असल्याने ते मरीयेने उच्चारले असे इतिहास म्हणून सांगता येणार नाही. परंतु एका लहानशा गावातील अविवाहित गर्भवती मुलीच्या तोंडी ते घालावे असे कोणाला तरी वाटले, ही घटना ऐतिहासिक आहे. लज्जित व्हावे अशी समाजाची जिच्याकडून अपेक्षा, तिला या कथेने वाणी दिली.

मिथकाची आज्ञा होते तेव्हा

हीच कथा पुढे सत्तेच्या हाती गेली, हा इतिहासही विसरता कामा नये. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने ट्रायफो नावाच्या यहुद्याशी झालेला एक संवाद लिहिला. यशयाच्या वचनात 'तरुण स्त्री' आहे, 'कुमारी' नाही, असे ट्रायफो सांगतो; भाषेच्या दृष्टीने तो बरोबर आहे. जस्टिन मात्र यहुदी आचार्यांवरच शास्त्रवचने दडविल्याचा आरोप करतो. पीडित यहुद्यांच्या घरात जन्मलेली कथा अशा रीतीने यहुद्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली. चौथ्या शतकात रोमन सम्राट स्वतः ख्रिस्ती झाले, आणि ज्या गव्हाणीने कैसराची पदवी काढून घेतली होती तीच कैसराच्या सिंहासनाची शोभा झाली.

आमच्या जवळचे उदाहरण गोव्याचे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ साली राशोल येथे त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. मराठी ओवीत ख्रिस्तजन्माची कथा त्यात आली आहे. मराठी भाषेविषयीचे त्याचे प्रेम निःसंशय आहे. पण त्याच भूमीत १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायपीठ बसले होते. जुना रीतिरिवाज घरात चोरून पाळल्याबद्दल ते धर्मांतरितांना शिक्षा करीत असे, आणि १८१२ पर्यंत ते पुरते बंद झाले नाही. गव्हाणीतील बालकाची ओवी आणि न्यायपीठाची कोठडी एकाच काळात, एकाच धर्मसत्तेखाली नांदत होती. दोष ओवीचा नव्हता. कथेला वस्तुस्थिती व वस्तुस्थितीला आज्ञा बनविणाऱ्या अधिकाराचा तो दोष होता.

यावरून जन्मकथांचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एक जन्मकथा माणसांची जन्मतःच प्रतवारी करते. मुखापासून ब्राह्मण व पायांपासून शूद्र निघाल्याची कथा ही त्या जातीची. अस्सलायन सुत्तात भगवान बुद्धांनी या कथेला दिलेले उत्तर सुप्रसिद्ध आहे. ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसूत होतात व मुलांना दूध पाजतात, हे त्यांनी दाखवून दिले. दुसऱ्या प्रकारची जन्मकथा सिंहासनाला खाली आणते. परंतु दुसऱ्या प्रकारची कथा पहिल्या प्रकारात केव्हा जमा होईल याचा नेम नसतो. त्यासाठी सतत जागे राहावे लागते.

आमच्या घरचा प्रश्न

हा जागेपणा शेजाऱ्यापुरता ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सिद्धार्थाच्या जन्माभोवतीही मिथके आहेत. महामायेचे स्वप्न, जन्मताच टाकलेली सात पावले आणि असित ऋषींचे भाकीत ही त्यांपैकी होत. असित रडतो, कारण बुद्धाचा उपदेश ऐकण्यास आपण जिवंत नसणार हे त्याला कळते. लूकच्या कथेतील म्हातारा शिमोन बालक पाहून समाधानाने मरण स्वीकारतो. या दोन कथांत उसनवारी झाली असे सिद्ध झालेले नाही. म्हातारपण नव्या जन्माकडे पाहून हसते किंवा रडते. दोन्ही समाजांनी एकच मानवी अनुभव आपापल्या परीने सांगितला.

मज्झिम निकायातील अच्छरियअब्भुत सुत्तात आनंद तथागतांच्या जन्माची आश्चर्ये एकामागून एक सांगतो. सर्व ऐकल्यावर तथागत म्हणतात की, आणखी एक आश्चर्य ध्यानात ठेव. तथागताच्या ठिकाणी वेदना उत्पन्न होतात, राहतात व मावळतात त्या त्याला ज्ञात असतात. आकाशातील चमत्कारांच्या यादीअखेर एक माणूस आपल्या मनाकडे जागेपणाने पाहतो, हे खरे आश्चर्य म्हणून ठेवले आहे. मिथकाचा मानवी अर्थ कसा लावावा याचा हा आमच्याच परंपरेतील जुना धडा होय.

परमपूज्य बाबासाहेबांनी तोच मार्ग अनुसरला. 'बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य' या विषयावरील १९५० सालच्या इंग्रजी लेखात त्यांनी दाखविले की, येशूने स्वतःस ईश्वराचा पुत्र म्हटले, परंतु बुद्धांनी स्वतःसाठी माणसाच्या पुत्राहून वेगळे स्थान मागितले नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात वृद्ध, रोगी, मृत व संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाने गृहत्याग केला ही कथा त्यांनी बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. पण महामायेचे स्वप्न व असिताची भेट मात्र त्यांनी ठेवली. आमच्या मते यात विसंगती नाही. ज्या कथेवर धम्माचे कारण उभे करावयाचे, ती बुद्धीला पटलीच पाहिजे. जी केवळ आईची आशा व वृद्धाची हुरहूर सांगते, तिला कथा म्हणून राहू द्यावे.

शेवटी एका दगडाची आठवण करून देऊन हा लेख संपवितो. १८९६ साली लुंबिनी येथे सम्राट अशोकाच्या स्तंभावरील लेख उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजाने तेथे स्वतः येऊन वंदना केली, येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून स्तंभ उभारला, लुंबिनी गावाचा बलि नावाचा कर माफ केला आणि पिकाचा राजभाग आठव्या हिश्श्यावर आणला, एवढेच त्यात आहे. त्यात स्वप्न नाही, सात पावले नाहीत, देव नाहीत. प्रिएनेच्या शिलालेखात एका सम्राटाचा जन्म जगाचा नववर्षदिन होतो. लूकच्या कथेत त्याच सम्राटाच्या करासाठी एक गर्भवती स्त्री वाट तुडविते. लुंबिनीच्या स्तंभावर एका जन्माच्या स्मरणाने गावकऱ्यांच्या डोक्यावरील कराचा भार उतरतो. या तीन जन्मस्मृती शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात.

२५ डिसेंबरच्या सकाळी आम्ही महाडचे स्मरण करू, आणि संध्याकाळी शेजारच्या भावंडांनी फराळाला बोलाविले तर जाऊ. तारा खरोखर थांबला होता काय, या वादात पडण्याचे कारण नाही. त्या कथेतील बालकाला उतारशाळेत जागा मिळाली नाही. आमच्या गावात, आमच्या वस्तीत, आमच्या विहारात आज कोणाला जागा मिळत नाही, हा प्रश्न मात्र त्या रात्री त्यांनी व आम्ही मिळून विचारावा.